वृद्धाश्रम बघायला जाताय? रात्रपाळीचं विचारा

ओळखीपाळखीतले लोक मला विचारतात, "सिस्टर, चांगला वृद्धाश्रम सुचवा." नाव मी कुणाचंच सांगत नाही, काय बघायचं ते सांगते.

बाग, देऊळ, ऑफिसातले सत्काराचे फोटो बघून घ्या एकदाचे. मग थेट अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत जा. आई आज चालतीफिरती असली तरी उद्या तिथेच असणार. "आत सोडत नाही" म्हणाले तर चपला घाला आणि निघा. पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवलाय का? कोपऱ्यातल्या टेबलावरचा भरला तांब्या काय कामाचा! कूस बदलल्याची वही मागा. साधारण दर दोन तासांनी नोंद हवी. रात्रभराच्या सगळ्या सह्या एकाच बैठकीत ठोकलेल्या ओळखू येतात. आपलं माणूस तिथे राहायला लागलं की प्रत्येक भेटीत मोजे काढून टाचा बघायच्या, माकडहाडाजवळची कातडी बघायची. लाल डाग बोटाने दाबूनही लालच राहिला, तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय.

आता पैसा. "दहा जणांमागे एक मावशी" असं सांगतील. कुठल्या पाळीला? बारा-बारा तासांच्या पाळ्या धरल्या तरी दोघी लागतात, सुट्टीला बदली वेगळी. फी कमी असेल तर हे पगार देणग्यांतून निघतात, नाहीतर रात्रीची मावशीच नसते. ट्रस्टला दरवर्षी ऑडिट केलेला हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. त्याची प्रत मागा, लाजायचं काय त्यात? अनुदान असेल तर मागचा हप्ता कधी आला तेही विचारा.

फीत काय धरलेलं नाही ते लिहून घ्या: डायपर, औषधं, हॉस्पिटलात सोबत थांबणारं माणूस. डिपॉझिट परत कधी आणि कुणाला, हेही. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेली संस्था साठीपुढच्यांकडून राहणं, जेवण, देखभाल धरून महिना २५,००० रुपयांपर्यंत घेत असेल, तर त्यावर जीएसटी नाही. बिलात दिसला तर हटका.

मुलं खर्च उचलत नसतील तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो. नेमकं कुठे जायचं ते १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर सांगतात, सकाळी ८ ते रात्री ८.