बेटावरच्या खोकडाची घट आणि वाढ वर्गात कशी समजवावी

कोल्हापुरातल्या शाळांच्या निसर्ग मंडळांत हा तास घेताना पहिली अडचण नावाची येते. मराठीत कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील चॅनेल बेटांवर राहणारा, जेमतेम मांजराएवढा हा प्राणी खोकड आहे. फळ्यावर ‘कोल्हा’ लिहिल्यास मुले त्याला थेट कोल्हापूरच्या नावाशी जोडतात आणि पाच मिनिटे तिकडेच जातात. म्हणून आरंभीच खोकड हा शब्द पक्का करावा आणि आठपैकी सहा बेटांवर त्याची प्रत्येकी स्वतंत्र उपजात आहे, हे नकाशावर दाखवावे.

त्यानंतर भाजलेले शेंगदाणे घ्यावेत. एक दाणा म्हणजे दहा खोकडे, असा हिशेब धरून सॅन मिगेल बेटासाठी पंचेचाळीस दाणे टेबलावर मांडावेत, कारण १९९४ मध्ये तेथे सुमारे ४५० खोकडे होती. १९९९ पर्यंत उरली १५, म्हणजे दीड दाणा. दाणा नखाने फोडून त्यातली एक पाकळी बाजूला ठेवताना वर्गात जी शांतता पसरते, ती कोणत्याही आलेखाने पसरत नाही.

आता कारण सांगण्याची घाई करू नये. ‘सोनेरी गरुडाने खाल्ली’ एवढेच सांगितले, तर गोष्ट तिथेच संपते आणि गरुड खलनायक ठरतो. त्याऐवजी प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का?’ विचारावे. सोनेरी गरुड येथे वस्तीला का आले? शेजारच्या सांताक्रूझ बेटावर माणसाने नेलेली आणि पुढे रानटी झालेली डुकरे होती, त्यांची पिल्ले हे गरुडांचे बारमाही खाद्य झाले. त्यांना हुसकावणारे कोणी का नव्हते? मुख्यतः मासे खाणारा आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या गरुडाला थारा न देणारा टकला गरुड डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बेटांवरून आधीच नाहीसा झाला होता. आणि खोकडे लपली का नाहीत? आकाशातून झडप घालणाऱ्या शत्रूशी त्यांची गाठच पडलेली नव्हती. ती भरदिवसा उघड्यावर फिरत. या साखळीला निम्मा तास द्यावा.

उपाय शिकवताना हीच साखळी उलट चालवावी. उरलेली खोकडे पकडून पिंजऱ्यांत त्यांची वीण केली गेली, सोनेरी गरुड जिवंत पकडून मुख्य भूमीवर सोडले गेले, टकले गरुड पुन्हा आणले गेले आणि सांताक्रूझवरची पाच हजारांहून अधिक डुकरे मारण्यात आली. हा शेवटचा भाग गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. मुले त्यावर वाद घालतात आणि घालू द्यावा.

कॅटलिना बेटाची कथा निराळी असल्याने ती थोडक्यात सांगावी: तेथे कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाने १९९९ च्या सुमारास बहुतांश खोकडे गेली, आणि लसीकरण हा उपायाचा मुख्य भाग ठरला. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलालगत कुत्री मोकाट सोडू नयेत, असे का म्हणतात, हे येथे आपसूक समजते. याहून अधिक तुलना मात्र ओढूनताणून करू नये. राधानगरी हे बेट नव्हे आणि गवा म्हणजे खोकड नव्हे.

चार उपजाती २००४ मध्ये संकटग्रस्त ठरवल्या गेल्या होत्या. २०१६ मध्ये त्यांतील उत्तरेकडच्या तीन यादीतून वगळल्या गेल्या. तोवर सॅन मिगेलवर सातशेच्या आसपास खोकडे झाली होती, म्हणून शेवटी मुलांकडूनच सत्तर दाणे मोजून मांडून घ्यावेत. प्रत्यक्षात शंभरेक दाणे सोबत न्यावेत, कारण माझ्या पहिल्या तासाला मोजणी संपेपर्यंत मागच्या बाकावरची संख्या पुन्हा झपाट्याने घटली होती.