टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? इंजेक्शन सुरू करण्याआधी आणि नंतर या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ रक्त देतानाच होतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी सर्वाधिक असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. म्हणून नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचा. ऑफिसातून घरी जाताना संध्याकाळी दिलेल्या नमुन्यावर काहीही ठरवू नका.

पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळापेक्षा झोप पाहावी. मुख्य झोप पूर्ण करून उठल्यावर दोन-तीन तासांच्या आत रक्त द्या. पाळी संपवून न झोपताच लॅबच्या माणसाला घरी बोलावलंत, तर आकडा उगाच कमी दिसू शकतो. पावसाळ्यात डेंगी किंवा व्हायरल ताप येऊन गेला असेल, तर पूर्ण बरे होईपर्यंत थांबा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो.

आणि एकाच रिपोर्टवर औषध नको. वेगळ्या दिवशी दुसरी चाचणी हवीच. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशन 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालची पातळी कमी धरते, तीही सोबत लक्षणं असतील तरच. नुसता थकवा थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य अशा कशानेही येतो.

पातळी कमी का झाली, हे न विचारणं ही पुढची चूक. वृषणाला कामाला लावणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन्स आणि प्रोलॅक्टिन हे आणखी एक हार्मोन तपासलं की बिघाड वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, याचा अंदाज येतो. पोटाचा घेर, मधुमेह, ओपिऑइड गटातली वेदनाशामकं, जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड्स ही कारणंही नेहमीची. वजन उतरलं की अनेकांची पातळी आपोआप सुधारते. रात्री जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडखळत असेल तर आधी त्याची तपासणी करा. उपचार न झालेला स्लीप ॲप्निया या औषधाने बिघडू शकतो.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. मूल हवं असेल तर हे इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू एलएच आणि एफएसएच बनवणं कमी करतो. मग वृषणाचं काम मंदावतं आणि शुक्राणू अगदी शून्यावरही येऊ शकतात. बंद केल्यावर ते परतायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. घरचे ‘गोड बातमी कधी?’ विचारत असतात, तपासण्या मात्र एकट्या बायकोच्या होतात, आणि नवऱ्याच्या इंजेक्शनबद्दल कुणी विचारतच नाही. असं होऊ देऊ नका. पहिल्याच भेटीत दोघं जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. क्लोमिफेन किंवा एचसीजीसारखे, शरीराला स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे पर्याय अशा वेळी विचारात घेता येतात.

उपचार सुरू झाल्यावर घाई नडते. कामेच्छेत फरक साधारण तीन ते सहा आठवड्यांत जाणवतो, स्नायूंना तीन-चार महिने लागतात, हाडांना त्याहून जास्त. पंधरा दिवसांत काही वाटलं नाही म्हणून मनानेच डोस वाढवू नका. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकाराचं 1000 मिलिग्रॅमचं इंजेक्शन असेल तर दुसरं सहा आठवड्यांनी आणि नंतरची 10 ते 14 आठवड्यांच्या अंतराने देतात. पुढच्या तपासणीसाठी रक्त कधी द्यायचं, हे इंजेक्शनच्या प्रकारावर ठरतं, ते आधीच विचारून ठेवा.

जेल लावणाऱ्यांनी हात साबणाने धुवावेत, जेल वाळू द्यावं आणि ती जागा कपड्याने झाकावी. लहान मुलाला तसंच उचलून घेतलं तर औषध त्याच्या अंगाला लागतं आणि अकाली वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात.

बरं वाटतंय म्हणून रक्ततपासणी टाळणारे बरेच. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर गेलं तर रक्त दाट होतं आणि औषध थांबवावं लागतं. चाळिशीनंतर प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए ही रक्तचाचणीही पाहतात. टेस्टोस्टेरॉन उपचारावरच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स अभ्यासात 5,000 हून अधिक पुरुष होते. त्यात हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात गुठळी होण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त आढळलं. पाय सुजला, छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा आणि तिथे या उपचाराचं नाव आवर्जून सांगा.