सेकंडहँड लॅपटॉप: पैसे कुठं लावायचे, कुठं नाही

नागपूरच्या सीताबर्डीतून जुना लॅपटॉप आणला की पोट्टे दुकानात येऊन पहिलं हेच विचारतात, "भाऊ, वेग वाढवायला याच्यात कोनतं क्लीनर टाकू?" कोणतंच नको. ती फुकटची सॉफ्टवेअरं स्वतःच रॅम (चालू कामाची मेमरी) अडवून बसतात.

लॅपटॉप अजून घेतलाच नसेल, तर इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची बघा. सातव्या पिढीच्या आय५-७२००यू मध्ये दोनच कोर (काम करणारे भाग), आठवीच्या आय५-८२५०यू मध्ये चार. नावात फारसा फरक दिसत नाही, वापरताना कळतो. शिवाय विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानातच बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरून बघा. पासवर्ड मागितला तर ठेवून या. जमलं तर नेट जोडून विंडोज तिथंच नव्यानं टाकायला लावा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन आलं, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे.

घरी आणल्यावर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, कशावर किती ताण आहे ते त्यात दिसतं. काहीच चालू नसताना डिस्क शंभर टक्के दाखवत असेल, तर आत फिरणारी जुनी हार्डडिस्क आहे असं समजा. पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचा. पाठ उघडून जागा कोणती ते पाहूनच मागवा, कारण अडीच इंची साटा (चपटी डबी) आणि एम.२ (बारीक पट्टी) एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई हे जोडणीचे प्रकार वेगळे. रॅम आठ जीबी करा. डीडीआर३एल आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळी असते, जोर लावू नका. रॅमच्या दोन जागा असतील तर चार-चारच्या दोन पट्ट्या एका आठपेक्षा बऱ्या.

आता आमच्याकडची गोष्ट. जिनिंगजवळच्या घरातला लॅपटॉप उघडला की पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या नळीपुढच्या बारीक पात्यांवर कापसाच्या तंतूंचा करडा थर घट्ट बसलेला असतो. नखानं धरून ओढला तर अख्खा निघतो, नमद्यासारखा. बाहेरून ब्लोअर मारला तर तो आणखी आत दबतो. आधी बॅटरीची वायर काढा, पंखा काढता येत असेल तर काढा, ब्लोअर मारताना पातं काडीनं अडवून धरा; मोकळा पंखा भन्नाट फिरून खराब होतो. मग प्रोसेसरवरचा जुना वाळलेला थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) पुसून नवा लावा, ज्वारीच्या दाण्याएवढा पुरे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि लोक व्हायरस शोधत बसतात. कूलरच्या झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका, ती हवा ओली असते.

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पाठीला हात लावला की झिणझिण्या येतात? बहुतेक घरातल्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही. तीन पिनचं दोन पिनमध्ये करणारं ते स्वस्तातलं अडॅप्टर फेका आणि वायरमनला बोलवा.

सॉफ्टवेअरचं काम थोडंच. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये नको ते डिसेबल करा. अँटिव्हायरस दोन नकोत, विंडोजचा डिफेंडर पुरतो. सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं मशीन असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंटचं हलकं एक्सएफसीई टाका, मराठी टायपिंगही होतं. टॅली लागत असेल तर मात्र विंडोजवरच राहा.

आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर वायफायच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (मोजक्या डेटाचं) करून ठेवा, नाहीतर अपडेट सकाळीच दिवसाचा डेटा गिळतं. अपडेट बंद करू नका. रात्री अकराला उरलेला डेटा त्याला लावा, बारा वाजता तो तसाही जाणारच आहे.