अमेरिकेला निघण्यापूर्वी फोनची तयारी कशी करावी

शिक्षणासाठी निघालेल्या भाचीच्या दोन बॅगा तेवीस-तेवीस किलोंत बसवण्यात आमच्या ठाणे शहरातल्या नौपाड्यातील घराने आठवडा घालवला आणि तिच्या फोनकडे मात्र निघण्याच्या दोन दिवस आधी लक्ष गेले. हा क्रम उलटा असायला हवा होता. अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाने, म्हणजे सीबीपीने, २०२४ या आर्थिक वर्षात प्रवाशांची ४७,०४७ उपकरणे तपासली. एकूण प्रवाशांच्या मानाने हे प्रमाण जेमतेम ०.०१ टक्क्याच्या आसपास असल्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण या तयारीला एकच संध्याकाळ लागते.

तपासणी दोन प्रकारची असते. साध्या तपासणीत अधिकारी फोन हातात घेऊन फोटो आणि संदेश चाळतो. त्यासाठी त्याला संशयाचे कारण लागत नाही. सखोल तपासणीत फोन सेलेब्राइटसारख्या, फोनचे कुलूप फोडणाऱ्या यंत्रणेला जोडून त्यातील माहिती उतरवून घेतली जाते, आणि २०१८ च्या नियमावलीनुसार त्यासाठी वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण, तसेच वरिष्ठांची मंजुरी आवश्यक असते. दोन्ही प्रकारांत फोनचे नेटवर्क बंद ठेवून उपकरणात साठवलेलेच पाहावे, असा नियम आहे.

कुलूप फोडणाऱ्या यंत्राचीच चर्चा फार होते. विद्यार्थ्याची खरी अडचण मात्र पासकोडची असते. अमेरिकी नागरिकाने पासकोड सांगितला नाही, तर त्याचा फोन अडकून पडू शकतो, परंतु देशात येण्यापासून त्याला रोखता येत नाही. व्हिसाधारकाला मात्र प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. तेव्हा पासकोड द्यावा की नाही याचा खल तेथील रांगेत करण्यापेक्षा, फोनमध्ये काय न्यायचे हे ठाण्यातच ठरवावे.

खासगी फोटो, वैद्यकीय कागद, जुने संवाद क्लाउडवर चढवून फोनमधून काढावेत आणि त्या क्लाउड खात्यातून लॉग आउट करावे. नुसते डिलीट केलेले फोटो महिनाभर ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये पडून असतात, त्यामुळे तोही फोल्डर रिकामा करावा, तरीही त्यांच्या खुणा सखोल तपासणीत सापडू शकतात. भाचीच्या गॅलरीत तिने स्वतः काढलेल्या फोटोंपेक्षा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आपोआप उतरलेली राजकीय व्यंगचित्रे आणि सुप्रभाताची फुलेच जास्त निघाली. ही व्यंगचित्रे आपण पाठवलेली नाहीत, हे परक्या अधिकाऱ्याला पटवत बसण्यापेक्षा मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करणे सोपे. मात्र फोन अगदी कोरा करकरीत नेऊ नये, असे माझे मत आहे. त्याने उलट प्रश्नच वाढतात. व्हिसासाठी भरलेल्या डीएस-१६० अर्जात मागील पाच वर्षांतील समाजमाध्यमांची खाती लिहून दिलेली असतात. ती यादी पुन्हा पाहून घ्यावी. चौकशी सुरू झाल्यावर काहीही पुसू नये आणि खोटे तर मुळीच बोलू नये.

इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी फोन पूर्ण बंद करावा. बंद करून चालू केलेल्या फोनमध्ये पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत बहुतेक माहिती कूटबद्ध राहते आणि यंत्राच्या हाती फारच थोडे लागते; एकदा उघडून नुसता लॉक केलेला फोन त्या मानाने कच्चा असतो. याच कारणाने २०२४ मध्ये आयओएस १८.१ पासून तीन दिवस न उघडलेला आयफोन स्वतःहून रीस्टार्ट होऊ लागला. फोन बंद ठेवायचा म्हणजे आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रमाणपत्र), विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि राहण्याचा पत्ता कागदावर हवा; गोखले रोडवरच्या कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे हे काम दहा मिनिटांत होते. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनी फोन तेथेच बंद करावा, कारण अमेरिकेचे इमिग्रेशन त्याच विमानतळावर होते.

फोन ठेवून घेतलाच, तर ६०५१-डी ही पावती मागून घ्यावी आणि अधिकाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. सर्वसाधारण मुदत पाच दिवसांची असते, पण ती वाढवता येते. फोन परत मिळाल्यावर सर्व पासवर्ड बदलावेत.

फोन हातात नसताना घरी कळवणार कसे, असे विचारल्यावर भाचीला स्वतःच्या आईचा नंबरही पाठ नसल्याचे उघड झाले. तो नंबर आणि विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा नंबर चिठ्ठीवर लिहून आम्ही पासपोर्टच्या कव्हरमध्ये सरकवला.