जिओकॅशिंग करताय? डबा हुकवणाऱ्या या चुका टाळा

लेकाकडे सॅन होजेला किंवा लेकीकडे म्युनिकला दोन-तीन महिने राहून आलेल्या कित्येक आजी-आजोबांना हा खेळ नातवंडांनी लावलेला असतो. कुणीतरी बागेत, पुलाखाली, जंगलात डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉमवर टाकतं. आपण जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा परत ठेवायचा. इकडे परतल्यावर उत्साहाच्या भरात आधी महागडं यंत्र येतं आणि मग नकाशा उघडला जातो. तिकडे एका उपनगरात जेवढे डबे असतात तेवढे आपल्याकडे अख्ख्या जिल्ह्यात दिसत नाहीत, हे तेव्हा कळतं.

म्हणून नकाशा आधी बघा. घराच्या आसपास, नेहमीच्या ट्रेकच्या वाटेवर, पुढच्या परदेशवारीत कुठे डबे आहेत ते पाहा. काही डबे फक्त पैसे भरलेल्या सभासदांना दिसतात, हेही लक्षात असू द्या. प्रत्येक डब्याच्या पानावर आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी असतात. शेवटच्या चार-पाच जणांनी ‘सापडला नाही’ असं लिहिलं असेल तर तो बहुधा जागेवर नाही. अशा डब्यासाठी रविवार घालवू नका.

फोन की वेगळं यंत्र?

शहरात फोन पुरतो. दोन फ्रिक्वेन्सींवर उपग्रहांचे सिग्नल घेणारा पहिला फोन २०१८ मध्ये आला, शाओमीचा मी ८. त्याने ठिकाण जास्त अचूक कळतं, आणि आता ही सोय बऱ्याच फोनमध्ये आहे. वेगळ्या यंत्राची गरज पडते ती पावसात, जिथे ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, कडक उन्हात, जिथे फोनचा पडदा वाचता येत नाही, आणि दोन-तीन दिवसांच्या भटकंतीत, जिथे चार्जिंगची सोय नसते. हातात धरायच्या यंत्राचा पडदा उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो. गार्मिन कंपनीची ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही मॉडेलं दोन पेन्सिल सेलवर चालतात, आणि सेल डोंगराखालच्या टपरीवरही मिळतात.

इथे खरेदीतली नेहमीची चूक होते. २२एक्स स्वस्त म्हणून घेतात आणि मग तक्रार करतात की बाण भरकटतो. त्यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. तुम्ही कुठल्या दिशेने चालताय त्यावरून ते दिशा काढतं, त्यामुळे थांबलात की बाणाला काही अर्थ उरत नाही. आणि डबा शोधणारा माणूस शेवटची पाच-दहा मिनिटं जवळजवळ उभाच असतो. ३२एक्समध्ये होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा मापक, दोन्ही आहेत. माझं मत विचाराल तर या खेळासाठी रंगीत नकाशा किंवा मोठ्या मेमरीपेक्षा होकायंत्रासाठी जास्त पैसे मोजावेत. गाडीतला जीपीएस मात्र या कामाचा नाही, त्याला रस्ता सोडवत नाही.

परदेशातून यंत्र मागवणार असाल तर मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. गार्मिनचीच जीपीएसमॅप ६७ आणि ६७आय दिसायला सारखी आहेत. पहिलं फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतं. दुसऱ्यात ‘इनरीच’ आहे, म्हणजे ते उपग्रहामार्फत संदेश पाठवू शकतं. भारतात अशी यंत्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावरसुद्धा यावरून परदेशी पर्यटकांना ताब्यात घेतलं गेलं आहे. भाच्याला ‘येताना घेऊन ये’ म्हणण्याआधी एवढी खात्री करा.

सिंहगडाला निघून रायगडाला पोचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक आकडे टाकताना होते. या खेळात ठिकाण अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. सिंहगड घ्या: उत्तर १८° २१.९६७′, पूर्व ७३° ४५.३५०′. यातलं मिनिटांचं चिन्ह न बघता कुणी हेच आकडे १८.२१९६७ आणि ७३.४५३५० असे टाकले, तर बाण सरळ रेषेत सुमारे ३६ किलोमीटर दूर नेतो. गंमत अशी, की तो बिंदू रायगडापासून दोनेक किलोमीटरवर पडतो. गड बघून होईल, डबा नाही.

दुसरा घोळ दशांश मिनिटांना सेकंद समजण्याचा. २२.५०० मिनिटं म्हणजे २२ मिनिटं ३० सेकंद. ते २२ मिनिटं ५० सेकंद समजून टाकलं, तर उत्तर-दक्षिण सहाशे मीटरची चूक. ही जास्त फसवी, कारण आपण योग्य डोंगरावर, योग्य झाडीत असतो आणि शोधत बसतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट अंश-दशांश मिनिटं आणि डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो, डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. भारताच्या जुन्या टोपोशीटा, म्हणजे सरकारी सर्वेक्षणाचे नकाशे, एव्हरेस्ट नावाच्या वेगळ्या डेटमवर आहेत, त्यांच्यावरून वाचलेला बिंदू थेट टाकू नका. आणि मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानापुढे जाऊ नका. तेच जमिनीवर दोन मीटरपेक्षा कमी अंतर आहे.

शून्य मीटर, तरी डबा नाही

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली. त्याआधी शंभरेक मीटरची तफावत सहज यायची. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. हा खेळ तिथून सुरू झाला.

पण अचूकता वाढली म्हणजे चूक शून्यावर आली असं नाही. मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर इकडे-तिकडे होतंच. ज्याने डबा लपवला त्याच्या यंत्राची चूक वेगळी आणि तुमच्या यंत्राची वेगळी, दोन्ही एकाच बाजूला गेल्या तर दहा मीटर. त्यात कातळकड्याखाली उभे असाल तर सिग्नल कड्यावर आपटून उशिरा येतो आणि बिंदू जागेवरून सरकतो. पावसाने भिजलेल्या दाट झाडीत हाल आणखी.

तरीही माणसं बाणामागे गोल-गोल फिरत राहतात, ‘०’ दिसलं की तिथलाच दगड उचलतात. त्यापेक्षा आकडा दहा मीटरच्या आत आला की यंत्र एखाद्या मोकळ्या दगडावर दोन-तीन मिनिटं ठेवा, आकडा स्थिरावू द्या. मग पंधरा-वीस पावलं मागे जाऊन दुसऱ्या दिशेने या. दोन्ही वेळी बाण जिथे बोट दाखवतो त्याच्या आसपास पाहायला लागा, आणि तेव्हा यंत्र खिशात टाका. पुढचं काम डोळ्यांचं. पानावर डब्याचा आकार दिलेला असतो: ‘मायक्रो’ असेल तर फिल्मच्या जुन्या डबीएवढा, ‘रेग्युलर’ असेल तर बुटांच्या खोक्याएवढा. शोधाची आणि वाटेची अवघडाई १ ते ५ मध्ये दिलेली असते. वाट १ असेल तर दरीत उतरू नका, डबा तिथे नाही. मुळाशी उगाच रचून ठेवल्यासारखे दगड, एकाच दिशेने लावलेल्या काटक्या, भिंतीतला रंग जरा वेगळा असलेला दगड, असं काही दिसतं का बघा.

सह्याद्रीत आणखी एक गोष्ट: यंत्र डब्यापर्यंतचं आडवं अंतर सांगतं, डबा किती उंचावर आहे ते सांगत नाही. ‘४० मीटर’ दिसतंय म्हणून कारवीत घुसाल तर वर साठ मीटरचा कडा उभा असेल. डबा माचीवर असतो आणि तिथे जायची वाट डोंगराला वळसा घालून पलीकडून येते.

बाण वेड्यासारखा वागतोय?

फोन असेल तर आधी परवानगी तपासा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ‘अचूक ठिकाण’ बंद ठेवता येतं, ते बंद असेल तर अ‍ॅपला तुमचा नुसता परिसर कळतो. बॅटरी सेव्हर बंद करा. चुंबकाने बंद होणारं कव्हर काढा, होकायंत्र त्यानेच बिघडतं. वेगळ्या यंत्रात ‘लॉक ऑन रोड’ बंद करा, नाहीतर ते तुम्हाला जवळच्या रस्त्यावर चिकटवून ठेवतं. सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करा, म्हणजे दिशा जुळवून घ्या, आणि सेलचा प्रकार सेटिंगमध्ये नोंदवा. रिचार्जेबल सेल घालून ‘अल्कलाइन’ ठेवलंत तर बॅटरीचा काटा खोटं बोलतो. अमेरिकेहून आणलेलं यंत्र इथे पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा गच्चीवर जाऊन पंधरा-वीस मिनिटं नुसतं ठेवा. उपग्रहांची पूर्ण माहिती उतरवून घ्यायलाच साडेबारा मिनिटं लागतात.

हात घालण्याआधी

दगडाखाली, कपारीत, झाडाच्या ढोलीत थेट हात घालायचा नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर दगडाखाली फुरसं असू शकतं, रंगाने मातीत मिसळलेलं. आधी काठीने आपटा, टॉर्च मारा, दगड उचलताना आपल्याकडची कड खाली राहील असा उचला. उघडा खळगा पलीकडे होतो आणि आत जे काही असेल ते तिकडून निघून जातं.

डबा लपवायचा असेल तर

इथे आपल्याकडचे नियम परदेशापेक्षा वेगळे धरून चाला. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना ऐकत वाढलेल्या शहरात स्टेशनजवळ, मंदिरात, मॉलच्या कठड्यामागे टेप गुंडाळलेला डबा ठेवणं म्हणजे बॉम्बशोधक पथकाला आमंत्रण. डबा पारदर्शक घ्या, वर मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे’ असं लिहा, जागेच्या मालकाला विचारा. गडांच्या तटबंदीतले दगड हलवून जागा करू नका. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही ठेवू नका. दुसऱ्याच्या डब्यापासून १६१ मीटरचं अंतर लागतं. खाऊ आत ठेवायचा नाही, माकडं डबा फोडतात. वही झिप पिशवीत, सोबत पेन्सिल. पेनाची शाई पहिल्या पावसात पसरते.

सुट्टीत गावी आल्यावर आठवण म्हणून डबा लपवून परत ह्यूस्टनला जायचं, हे चालत नाही. देखभाल कोण करणार हे संकेतस्थळाकडून विचारलं जातं आणि उत्तर नसेल तर डबा प्रसिद्ध होत नाही. गावातला भाऊ किंवा पुतण्या तयार असेल तर त्याचं नाव आधीच सांगा.

आणि परदेशातल्या डब्यात ‘ट्रॅव्हल बग’ नावाचा, क्रमांक कोरलेला बिल्ला दिसला तर तो आठवण म्हणून ठेवून घ्यायचा नसतो. त्याचा मालक त्याचा प्रवास संकेतस्थळावर बघत असतो, तुम्ही तो पुढच्या डब्यात टाकणं अपेक्षित असतं. भारतात आणणार असाल तर इथला सध्या चालू असलेला, लोकांची ये-जा असलेला डबा आधी हेरून ठेवा. तसा सापडला नाही तर बिल्ला तिथेच राहू द्या.