दहा फुटी रॉडला कुठलं रीळ?

वाळपईजवळ मामांच्या तळ्यावर काठाला पोफळी इतक्या दाट की मासे धरायचा १२ फुटी रॉड फेकीसाठी मागे नेताच येत नाही. म्हणून १० फुटी घेतला, पण रीळ जुनंच चढवलं, १०००० साइझचं, म्हणजे चांगलं मोठं. सगळा भार मुठीकडे. तासाभरात मनगट भरून यायचं. त्याहून वाईट म्हणजे फेक अडखळायची. रुंद स्पूलवरून, म्हणजे तंगूस गुंडाळायच्या फिरकीवरून, तंगूस मोठ्या वेटोळ्यांनी सुटतो आणि तो ओवायची आखूड रॉडची पहिली कडी लहान असेल तर तिथेच घासतो. मी उगीच शिसं वाढवत बसलो होतो!

शेवटी ५००० चं, त्याहून लहान फ्रीस्पूल रीळ लावलं, म्हणजे मासा ओढेल तसा तंगूस सैल सोडणारं. ०.३५ मिमीचा तंगूस दीडशे मीटर भरला. ४० मीटरच्या फेकीला एवढा भरपूर. स्पूलच्या ओठापासून दोन मिलिमीटर खालीच थांबलो, काठोकाठ भरला तर गुंता होतो. आता रीळाच्या जरा पुढे बोट धरलं की रॉड आडवा स्थिर राहतो.

फ्रीस्पूल मात्र हवंच. कटला पहिल्या झटक्यातच हलका रॉड तळ्यात ओढून नेतो. परवा रोहूने तंगूस ओढला, तेव्हा रीळ नुसतं करकरलं, रॉड जागचा हलला नाही.