आशियातील देश, राजधान्या आणि ध्वज : भूगोलाची कोडी सोडवण्याची पद्धत

जपानची राजधानी कोणती, असे प्रश्नमंजूषेत सहसा कोणी विचारत नाही. प्रश्न काढणारा मुद्दाम अशा जागा शोधतो, जिथे दोन देश एकमेकांसारखे दिसतात, जिथे सर्वांत मोठे शहर एक आणि राजधानी दुसरीच असते, किंवा जिथे गेल्या काही वर्षांत काहीतरी बदलले आहे. म्हणून देश आणि राजधान्यांची भली मोठी यादी वर्णानुक्रमे घोकण्याऐवजी या फसव्या जागाच आधी पक्क्या कराव्यात. बाकीचे नकाशा वारंवार पाहताना आपोआप लक्षात राहते.

सुरुवात राजधान्यांपासून करावी. चार पर्यायांच्या प्रश्नात देशातील सर्वांत प्रसिद्ध शहर हा एक पर्याय हमखास असतो आणि घाईत असलेला स्पर्धक त्यावरच बोट ठेवतो. तुर्कस्तानसाठी इस्तंबूल, पाकिस्तानसाठी कराची, व्हिएतनामसाठी हो ची मिन्ह सिटी, संयुक्त अरब अमिरातींसाठी दुबई, कझाकस्तानसाठी अल्माटी आणि म्यानमारसाठी यांगून ही अशी आमिषे आहेत; खरी उत्तरे अनुक्रमे अंकारा, इस्लामाबाद, हनोई, अबू धाबी, अस्ताना आणि नेपिडो. या सहा जोड्या एकत्र लिहून ठेवाव्यात, कारण त्यांतील किमान एखादी तरी बहुतेक प्रश्नसंचांत सापडते.

काही देशांच्या बाबतीत मात्र प्रश्नाचे शब्द बारकाईने वाचावे लागतात. श्रीलंकेची संसद श्री जयवर्धनेपुरा कोट्टे येथे आहे, तर व्यापार आणि कारभाराचे मोठे केंद्र कोलंबो आहे. मलेशियाची राजधानी क्वालालंपूर असली तरी केंद्र सरकारची कार्यालये पुत्रजया येथे आहेत. त्यामुळे ‘राजधानी’ असे विचारले आहे की ‘प्रशासकीय केंद्र’, एवढ्यावर गुण मिळणे किंवा जाणे ठरते. इंडोनेशिया बोर्निओ बेटावर नुसांतारा नावाची नवी राजधानी उभारत आहे, म्हणून जकार्ता आणि नुसांतारा हे दोन्ही पर्याय एकाच प्रश्नात दिसले तर तो प्रश्नसंच केव्हाचा आहे, हे पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये.

काळाची ही तपासणी केवळ इंडोनेशियापुरती नाही. कझाकस्तानने १९९७ मध्ये अल्माटीहून राजधानी हलवली. त्या नव्या राजधानीचे नाव १९९८ मध्ये अस्ताना झाले, २०१९ मध्ये नूर-सुलतान झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झाले. जुन्या पुस्तकातून तयारी करणारा विद्यार्थी अल्माटी लिहील, थोड्या नव्या पुस्तकातून करणारा नूर-सुलतान लिहील, आणि दोघांचेही पाठांतर चोख असूनही दोघेही चुकतील. म्यानमारने तर २००५ मध्ये सरकारी कारभार यांगूनहून नेपिडोला नेला आणि २०१० मध्ये ध्वजही बदलला. आता त्यावर पिवळा, हिरवा आणि लाल असे आडवे पट्टे व मधोमध मोठा पांढरा तारा असतो. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये सत्तांतर झाल्यानंतर लाल-पांढरा-काळा आणि दोन हिरवे तारे असलेला ध्वज जाऊन हिरवा-पांढरा-काळा आणि तीन लाल तारे असलेला ध्वज आला. आंतरजालावरील अनेक जुन्या चाचण्यांत अजूनही आधीचाच ध्वज दिसतो, तेव्हा तिथे चाचणी तयार करणाऱ्याच्या काळात जाऊन उत्तर देणे शहाणपणाचे ठरते.

ध्वजांकडे वळल्यावर रंग पाठ करण्याचा मोह टाळावा, कारण रंगांवरून फार तर प्रदेश ओळखता येतो, देश नव्हे. काळा, पांढरा, हिरवा आणि लाल हे चारही रंग एकत्र दिसले की नजर अरब जगाकडे वळवावी आणि लगेच ध्वजदंडाकडील बाजू पाहावी. तिथे लाल त्रिकोण आणि त्यात सात टोकांचा पांढरा तारा असेल तर जॉर्डन. तोच त्रिकोण ताऱ्याविना असेल तर पॅलेस्टाइन. लाल उभा पट्टा असेल तर संयुक्त अरब अमिराती. आणि काळा समलंब चौकोन असेल तर कुवेत. त्रिकोण, पट्टा की समलंब, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी या गटातील बहुतेक गोंधळ मिटतो. लाल, पांढरा आणि काळा असे तीनच आडवे पट्टे असून वर काहीही नसेल तर येमेन, आणि मधल्या पट्टीवर हिरव्या अरबी अक्षरांत मजकूर असेल तर इराक.

कतार आणि बहारीन ही जोडी तर प्रश्न काढणाऱ्यांची विशेष लाडकी आहे. दोन्ही ध्वजांवर पांढऱ्या भागाची कडा करवतीसारखी दातेरी असते. कतारचा रंग गडद तपकिरी-लाल आणि पांढरी टोके नऊ, तर बहारीनचा रंग लाल आणि टोके पाच. छापील कागदावर रंगाची छटा फसवते, म्हणून टोकेच मोजावीत. शिवाय कतारचा ध्वज रुंदीच्या मानाने विलक्षण लांब असतो, त्याचे प्रमाण ११:२८ आहे. मात्र अनेक चाचण्यांत सर्व ध्वज एकाच मापाच्या चौकटीत बसवलेले असतात, तेव्हा या खुणेवर विसंबता येत नाही.

पट्ट्यांचा क्रम हीदेखील एक भक्कम खूण आहे. इराण आणि ताजिकिस्तान या दोन्ही ध्वजांवर हिरवा, पांढरा व लाल हे रंग आणि मध्यभागी चिन्ह असते, पण इराणचा हिरवा वर आहे आणि ताजिकिस्तानचा लाल. बांगलादेश आणि जपान यांच्या ध्वजांवर लाल वर्तुळ आहे. जपानचे पांढऱ्या पार्श्वभूमीच्या नेमके मध्यभागी, तर बांगलादेशाचे हिरव्या पार्श्वभूमीवर दंडाच्या बाजूला किंचित सरकलेले, जेणेकरून फडकताना ते मध्यभागी असल्यासारखे भासावे. इंडोनेशियाचा लाल-पांढरा ध्वज आणि युरोपातील मोनॅकोचा ध्वज यांत लांबी-रुंदीच्या प्रमाणाखेरीज फारसा फरकच नाही, म्हणून तिथे प्रश्नातील ‘आशियाई’ हा एकच शब्द उत्तर ठरवतो. काही ध्वज असे की ते एकदा पाहिल्यावर पुन्हा अभ्यासावे लागत नाहीत : नेपाळचा दोन त्रिकोणांचा, कंबोडियाचा अंगकोर वाटचा, भूतानचा ड्रॅगनचा, लेबनॉनचा देवदार वृक्षाचा, सायप्रसचा नकाशाचा आणि तुर्कमेनिस्तानचा गालिच्याच्या नक्षीचा. त्यांवर वेळ दवडण्यात अर्थ नाही.

आता एक कोडे प्रत्यक्ष सोडवून पाहू. ‘माझ्या ध्वजावर चंद्रकोर आहे. मला समुद्र नाही आणि माझ्या एकाही शेजाऱ्याला नाही. माझी राजधानी कोणती?’ आधी आशियातील भूवेष्टित, म्हणजे समुद्रकिनारा नसलेले, देश मनात मांडावेत : मंगोलिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, नेपाळ, भूतान, लाओस, आर्मेनिया आणि अझरबैजान. कास्पियन हा नावाने समुद्र असला तरी तो महासागरांशी जोडलेला नसल्याने कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान आणि अझरबैजान भूवेष्टितच धरले जातात. हा मुद्दा निसटला तर पुढचे सारे गणित कोसळते. या बारा देशांपैकी नेपाळच्या ध्वजावर चंद्र आहे, मंगोलियाच्या चिन्हातही आहे, आणि उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान व अझरबैजान यांच्या ध्वजांवर ठळक चंद्रकोर आहे. चंद्राच्या आकारावर घासाघीस करण्याऐवजी पाचही देशांना दुसरी अट लावावी. नेपाळला भारत आणि चीन हे शेजारी आहेत, मंगोलियाला चीन आणि रशिया, तर तुर्कमेनिस्तान आणि अझरबैजान या दोघांनाही इराण. या सर्व शेजाऱ्यांना समुद्रकिनारा आहे. उरला उझबेकिस्तान, ज्याचे पाचही शेजारी भूवेष्टित आहेत. उत्तर ताश्कंद. १९६६ च्या जानेवारीत पाकिस्तानशी करार केल्यानंतर लालबहादूर शास्त्रींचे निधन याच शहरात झाले, हे आठवत असेल तर देश आणि राजधानीची सांगड वेगळी घालावी लागत नाही.

या उदाहरणातील क्रम इतर कोड्यांनाही लागू पडतो. जी अट सर्वांत जास्त देश बाद करते, ती प्रथम वापरावी, मग ती कोड्यात शेवटी का दिलेली असेना. ‘बोर्निओ बेटावर’ असे म्हटले की इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई हे तीनच देश उरतात. त्यात पिवळा ध्वज जोडला की ब्रुनेई आणि राजधानी बंदर सेरी बेगवान. ‘समुद्रसपाटीपेक्षा खाली वसलेली राजधानी’ म्हटले की अझरबैजानचे कास्पियनकाठचे बाकू.

मराठी शब्दकोड्यात हेच ज्ञान निराळ्या रीतीने कसाला लागते. तिथे प्रत्येक अक्षराला एक चौकोन असतो, जोडाक्षरालाही एकच आणि अनुस्वाराला वेगळा नसतो. त्यामुळे ताश्कंद तीन चौकोनांत बसते आणि थिंफू दोनांत. दोन अक्षरी राजधान्यांचा एक छोटा संच हाताशी असावा : ढाका, दोहा, माले, दिली, बाकू, साना, थिंफू. परकीय नावांचे लेखन मराठीत एकसारखे नसते, हेही लक्षात ठेवावे. दक्षिण कोरियाच्या राजधानीला कोडेकार दोन चौकोन देतो की तीन, यावर सोल लिहायचे की सेऊल हे ठरते. तीन अक्षरी राजधानी हवी असून पहिले अक्षर ‘म’ असेल तर मनिला, मनामा आणि मस्कत ही तिन्ही नावे बसतात, म्हणून फिलिपिन्स, बहारीन की ओमान हे सूत्रातून कळत नसेल तर उभ्या शब्दाने मधले अक्षर मिळेपर्यंत तो चौकोन पेन्सिलीनेच भरावा.